ओल्या गिलाव्यावर सातवी ‘ब’ : प्रकल्प नोंदी

मराठी माध्यमाची शाळा, ठाणे पश्चिम. चित्रकलेचा जोडतास दर शुक्रवारी, सत्तर मिनिटं. पट ३८.

२० जून, शुक्रवार

इटलीतल्या प्रबोधनकाळातले चित्रकार. गेल्या वर्षी हाच विषय मी तक्त्यावर उरकला होता. ‘महान चित्रकार’ असं वर ठळक, खाली लिओनार्दो, मायकेलअँजेलो, राफाएल आणि प्रत्येकाच्या जन्म-मृत्यूच्या सनावळ्या. मुलांनी मोनालिसा ट्रेस केली, वहीला चमकीचा कागद लावला, मी भरभरून गुण दिले. दिवाळीनंतर सहज विचारलं तर एकालाच काहीतरी आठवत होतं, तेही इतकंच : ‘बाई, तिला भुवया नाहीत.’

यंदा तक्ता नाही. त्या माणसांना काम करताना जी अडचण आली तीच पोरांपुढे टाकायची, नावं मागाहून सांगायची. ‘महान’ हा शब्द शक्यतो वापरायचा नाही, असं स्वतःला बजावलं आहे. तो ऐकला की सातवीची मुलं पेन्सिल खाली ठेवतात.

आज फक्त काळ. इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रबोधन’ शब्द आहे, म्हणून एकाने विचारलं, प्रबोधनकार ठाकरे त्यातलेच का? हसू आलं, पण चूक त्याची नाही, शब्द एकच आहे. फळ्यावर लांब रेघ मारून सांगितलं की हे त्यांच्या चार-पाचशे वर्षं आधीचं, आणि इटलीतलं. रेघेवर १४९८ला खूण केली. वास्को द गामा कालिकतला उतरला ते वर्ष मुलांना पाठ आहे. त्याच वर्षाच्या सुमारास मिलानच्या एका मठात लिओनार्दोने जेवणघराच्या भिंतीवरचं ‘शेवटचं भोजन’ पुरं केलं. ही खूण मात्र डोक्यात बसली.

२७ जून, शुक्रवार

विषय : हे लोक शिकले कुठे? मी लिओनार्दोचा उस्ताद व्हेरोक्किओ याच्या कार्यशाळेबद्दल सांगू लागले आणि खिडकीकडच्या रांगेतला मुलगा मध्येच म्हणाला, ‘म्हणजे आमचा कारखाना.’ त्याच्या काकांचा कळव्याला गणपतीचा कारखाना आहे. मग मी खाली बसले आणि तास त्यानेच घेतला. नवीन पोरगा आधी माती मळतो, मग पॉलिश पेपर घासतो, मग अंगाचा रंग, मग पितांबर. डोळ्यांची आखणी फक्त काका करतात. काकांनी आखणी केल्याशिवाय मूर्ती गिऱ्हाइकाला दाखवायचीसुद्धा नाही.

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. फ्लॉरेन्समध्येही उस्तादाच्या हाताखाली पोरं रंग खलायची, पाट्या घासून तयार करायची, मग कपड्यांच्या चुण्या, मग एखादा कोपरा. ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ या व्हेरोक्किओच्या चित्रात डावीकडचा देवदूत लिओनार्दोने रंगवलेला आहे. चित्र प्रोजेक्टरवर लावलं आणि कुठला ते ओळखायला सांगितलं. बहुतेकांनी बरोबर ओळखला. कारण विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘त्याचे केस ओले वाटतात.’

तो देवदूत पाहून व्हेरोक्किओने ब्रश कायमचा खाली ठेवला, ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीची ती दंतकथा आहे, आणि शिकवणाऱ्याने हार मानायची हा तिचा भाव मला तरी आवडत नाही.

वर्गाचे सहा कारखाने केले. प्रत्येकात एक उस्ताद, दर आठवड्याला बदलायचा.

४ जुलै, शुक्रवार

मोनालिसाचा आकार ७७ बाय ५३ सेंटिमीटर. तेवढा कागद कापून भिंतीला लावला. ‘एवढीच?’ अशी सार्वत्रिक निराशा. १९११ सालच्या चोरीची गोष्ट सांगून निराशा दूर केली, पण त्यात वीस मिनिटं गेली.

‘शेवटचं भोजन’ ८.८ मीटर रुंद, ४.६ मीटर उंच. मैदानावर फक्कीने आखायचं ठरवलं होतं, पण पाऊस. शेवटी सभागृहात सुतळी बांधून आयत केला. येशू आणि बारा शिष्य म्हणून तेरा मुलं एका बाजूला ओळीने बसवली तर एवढी जागा पुरून उरते. ‘एकाच बाजूला का बसलेत, ग्रुप फोटो आहे का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो, यंदाही आला.

मग यथार्थदर्शन, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवायची रीत. त्या भिंतीवर येशूच्या उजव्या कानशिलापाशी खिळ्याचं भोक सापडलं आहे. तिथे खिळा ठोकून दोऱ्या ताणल्या की छताच्या आणि बाजूच्या भिंतींच्या रेषा कुठे मिळतात ते ठरतं. आम्हीही तेच केलं. व्हरांड्याच्या टोकाच्या भिंतीवर, साधारण मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, शिपाईमामांनी खिळा ठोकला. तिथून सुतळ्या ताणून व्हरांड्याच्या अलीकडच्या तोंडाशी माझ्या डोळ्यासमोर धरल्या. कठड्याची रेघ, खिडक्यांच्या चौकटी, ट्यूबलाइटची पट्टी, सगळ्या सुतळ्यांवर येऊन बसल्या. एकेकाला उभं करून दाखवलं. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणाऱ्यांनी लोपबिंदू, म्हणजे रेषा जिथे मिळतात तो बिंदू, पाठ केला होता, पण तो समोरच्या भिंतीत असतो हे त्यांना आज कळलं.

घरचा अभ्यास : स्टेशनच्या पादचारी पुलावरून रुळांकडे बघणे. फलाटावर उतरून नाही, हे तीनदा सांगितलं.

११ जुलै, शुक्रवार

आता मुख्य काम. ओल्या गिलाव्यावरचं भित्तिचित्र.

मुलांना समजावलं ते असं. चुना पाण्यात विरवला, रेतीत कालवून भिंतीवर लावला आणि तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग त्यावर दिला, तर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकतात. गोंद नाही, तेल नाही. पण गिलावा वाळायच्या आत उरकायला हवं. म्हणून चित्रकार सकाळी ठरवायचा, आज एवढंच, आणि तेवढाच गिलावा लावून घ्यायचा. या तुकड्याला इटालियनमध्ये ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. आमचा जोर्नाता सत्तर मिनिटांचा.

लिओनार्दोला ही घाई मानवत नव्हती. त्याला थांबून बघायचं असायचं, दुरुस्त करायचं असायचं. म्हणून मिलानमध्ये त्याने कोरड्या भिंतीवर रंग दिला, आणि तो जिवंत असतानाच चित्राचे पोपडे निघू लागले. मुलांना हे फार आवडलं. एवढ्या मोठ्या माणसाचं काम बिघडलं यात त्यांना जे सुख झालं ते मी मोडलं नाही.

अजिंठ्याचं काय, हा प्रश्न आला. तिथेही रंग वाळलेल्या गिलाव्यावरच आहे, बांधणीचा डिंक वगैरे घालून. तरी पंधराशे वर्षं टिकला. पाया वेगळा, हवा वेगळी.

सामान : विरवलेला चुना एक ड्रम. शाळेच्या जुन्या छपराची बारा मंगलोरी कौलं, मागे ढिगात पडली होती. खालच्या बाजूला खाचा असतात, गिलावा धरून ठेवतील. रेती कुंपणाच्या दुरुस्तीतून उरलेली. वरच्या थरासाठी पांढरी रांगोळी, संगमरवराच्या भुकटीऐवजी. रंग : गेरू, पिवडी, कोळसा आणि कपड्यांची नीळ, पुडीतली.

निळीवर थोडं थांबले. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्दी दगड दळून युरोपात जो निळा करायचे तो इतका महाग की करारात लिहून घ्यायचे. फ्लॉरेन्सचा चित्रकार गिर्लांदायो याच्या १४८५च्या करारात निळा कोणता वापरायचा आणि तो औंसाला साधारण चार फ्लोरिनचा (तिथलं सोन्याचं नाणं) हवा, हेसुद्धा नमूद आहे. हाच गिर्लांदायो पुढे लहानग्या मायकेलअँजेलोचा उस्ताद. अजिंठ्यातही लाजवर्द सापडतो. एकोणिसाव्या शतकात तो रंग कारखान्यात बनवता येऊ लागला आणि आता किराणा दुकानात मिळतो. दोन-तीन मुलांनी पुडी हुंगून पाहिली.

चुन्याबद्दल स्वतःसाठी : कालवणं फक्त माझं आणि मामांचं. मुलांना हातमोजे, चष्मे. डोळ्यात गेला तर भरपूर पाणी आणि थेट डॉक्टर. पालकांना चिठ्ठी गेली. एका पालकांचा फोन आला की हे एलिमेंटरीला विचारतात का. नाही विचारत. तसं सांगितलं.

१८ जुलै, शुक्रवार

कौलं आदल्या रात्रीपासून पाण्यात, नाहीतर ती गिलाव्यातलं पाणी ओढून घेतात. खालचा थर मी बुधवारीच दिला होता, एक वाटी चुन्याला अडीच वाट्या रेती. आज सकाळी वरचा पातळ थर, चुना आणि रांगोळी निम्मेनिम.

रेखाटन उतरवायला कागदावर सुईने भोकं पाडून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची. साड्यांवर नक्षी छापणारे करतात तसंच. राफाएलच्या ‘अथेन्सची विद्यापीठ-सभा’ या भित्तिचित्राचं कागदावरचं मूळ रेखाटन अजून मिलानमध्ये जपून ठेवलेलं आहे. सातवीला ही गोष्ट पटली, कारण त्यांचेही कागद भोकं पाडून पाडून नकाशासारखे झाले होते.

रंग लागला. गेरू सुंदर बसतो. निळीला दोन हात लागतात. पाचव्या कारखान्याने माशाचं डोकं मोठं काढलं आणि शेपटीला ओला गिलावाच उरला नाही. उस्तादाला ओरडा बसला, माझ्याकडून नाही, कारखान्याकडून.

सहा कौलं झाली. दमट हवेत कुठे ठेवणार? कपाटात, एकावर एक, मध्ये ओलं गोणपाट. इथे मी चुकले.

२१ जुलै, सोमवार

कपाट उघडलं. सगळ्या कौलांवर पांढरट साय आली होती, चित्रं धुक्यात गेल्यासारखी. दोन गोणपाटांना बुरशी, तिचा कुबट वास वर्गभर. मुलं मधल्या सुट्टीत बघून गेली. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

शाळेच्या मागे इमारत उठते आहे. मामा तिथल्या एका गवंडीकाकांना घेऊन आले. जालन्याकडचे, हात कोपरापर्यंत पांढरे. त्यांनी कौल तिरकं धरून पाहिलं, नखाने साय खरवडली. मग रेतीच्या ढिगाकडे गेले आणि चिमूट उचलून चक्क जिभेवर ठेवली.

‘बाई, रेती खारी हाय. खाडीची. धुतली न्हाई ना?’

नाही धुतली.

‘मग खार फुटणारच. आन् पानी लई झालंय. वरून दाबून ठेवलं, वारा न्हाई. चुन्याला वारा लागतो.’

मी विचारलं, तुम्हाला चुन्याचं काम येतं? म्हणाले, आता कोण सांगतंय, सगळं सिमेंट आणि पुट्टी. पण वडिलांच्या हाताखाली निरू, म्हणजे चुन्याचा वरचा गुळगुळीत थर, घोटलाय. शुक्रवारी या म्हटलं. मुकादमाला विचारतो म्हणाले.

रात्री वाचत बसले. मायकेलअँजेलोने १५०८ साली सिस्टीन चॅपेलचं छत हाती घेतलं आणि महापुराचा प्रसंग रंगवून झाल्यावर चित्राला बुरशी धरली, इतकी की आकृत्या ओळखू येईनात. तो मुळात शिल्पकार. पोपकडे जाऊन त्याने सांगितलं की मी आधीच म्हटलं होतं, हे माझं काम नव्हे. पोपने जुलियानो दा सांगाल्लो या वास्तुकाराला पाठवलं. त्याने येऊन पाहिलं आणि सांगितलं, चुना फार पातळ लावला आहेस, पाणी जास्त झालंय. हे सगळं त्याचा चरित्रकार कोंदिवीने लिहून ठेवलं आहे. वाचून मी एकटीच हसले.

२५ जुलै, शुक्रवार

गोष्ट मुलांना सांगितली, पण काकांचं काम बघून झाल्यावर. काका आले होते. रेती चार पाण्यांनी धुवायला लावली, पाचव्या पाण्याची चव एका मुलाला घ्यायला सांगितली (मी मध्ये पडले). गिलाव्याचा गोळा थापीवर घेऊन उलटा धरला. पडत नाही तेवढाच ओला हवा. थापी फिरवताना आवाज बदलतो, तो ऐकायला सांगितलं. अडतीस मुलं गप्प बसून गिलाव्याचा आवाज ऐकताहेत, असा तास माझ्या नोकरीत पहिला.

मग सांगाल्लोची गोष्ट. ‘म्हणजे काका सांगाल्लो,’ मागच्या बाकावरून आलं. काकांना मी समजावून सांगितलं कोण ते. ‘पोपकडून पैसे घेतले का त्याने?’ एवढंच त्यांनी विचारलं.

उरलेल्या वेळात छताचा प्रयोग. गेल्या वर्षी मी बाकांखाली कागद चिकटवून मुलांना आडवं झोपवून चित्र काढायला लावलं होतं. सगळेच तसं करतात, फोटोही छान येतात. पण मायकेलअँजेलो झोपून रंगवत नव्हता. परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून रंगवत होता. त्याच्या एका कवितेशेजारी त्यानेच काढलेलं तसं छोटं चित्र आहे, आणि कवितेत गळ्याला आलेला गंड आणि तोंडावर ठिबकणारा रंग यांची तक्रार आहे. म्हणून यंदा कागद डोक्यावर, आडव्या धरलेल्या फळीच्या खालच्या बाजूला. उभं राहून चार मिनिटं. दुसऱ्याच मिनिटाला हात खाली येऊ लागले. छताला चार वर्षं लागली, १५१२ पर्यंत. हा आकडा आज ऐकताना मुलं मानेला हात लावून होती.

१ ऑगस्ट, शुक्रवार

‘बाई, यांच्यात एकही बाई नाही?’

यायलाच हवा होता प्रश्न. सोफोनिस्बा अँग्विसोला, क्रेमोनाची, साधारण १५३२चा जन्म. मुलींना उघड्या शरीराचा अभ्यास करायची परवानगी नव्हती, म्हणून मोठे धार्मिक प्रसंग तिच्या वाट्याला येणं कठीण. तिने घरचेच काढले. १५५५च्या चित्रात तिच्या बहिणी बुद्धिबळ खेळताहेत, सगळ्यात धाकटी हसते आहे, आणि मागून म्हातारी दाई डोकावते आहे.

हसणाऱ्या मुलीचं तिचं एक रेखाटन मायकेलअँजेलोने पाहिलं. म्हणाला, रडणारा मुलगा काढणं जास्त अवघड. तिने धाकट्या भावाचं चित्र पाठवलं, बोटाला कुरलीसारखा प्राणी चावलाय आणि तो भोकाड पसरतो आहे. विटाव्याहून येणारी मुलं एका आवाजात ओरडली, ‘चिंबोरी!’ खाडीकाठच्या पोरांना त्या चित्राचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

गृहपाठ : घरातल्या कुणाचंही चित्र, कॅरम, पत्ते किंवा भांडण चालू असताना. रडणारं भावंड काढलं तर जास्त गुण, मात्र त्यासाठी त्याला रडवायचं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

डेव्हिड, मायकेलअँजेलोचा उघडा संगमरवरी पुतळा. मुख्याध्यापिका बाईंनी चित्रं आधी बघायला मागितली होती. त्यांचं म्हणणं, नुसता चेहरा दाखवा. माझं म्हणणं, नुसता चेहरा दाखवला तर उरलेलं सगळं मुलं घरी जाऊन मोबाइलवर शोधतील, आणि मग तेवढंच बघतील. त्यांनी विचार करून हो म्हटलं, हे नोंदवून ठेवते. दीड मिनिट खिदळणं झालं. मग एकाने विचारलं, ‘याचा हात एवढा मोठा का?’ तिथून तास सुरू झाला.

उंची ५.१७ मीटर. पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यातून सुतळी सोडून मोजली. पायथा खाली अंगणात धरला तर डोकं वरच्या वर्गाच्या खिडकीत येतं.

तो दगड मायकेलअँजेलोला उष्टा मिळाला होता. १४६४ साली दुसऱ्याने त्यावर काम सुरू केलं, अर्धवट सोडलं, मग आणखी एकाने हात लावला, आणि मग दगड वर्षानुवर्षं आवारात पडून. १५०१ साली तो या सव्वीस वर्षांच्या पोराकडे आला. म्हणून साबणाच्या वड्या. प्रत्येकाला धुण्याची एक वडी आणि बोथट चमचा. वीस मिनिटं कोरा म्हटलं. ससे, गणपती, गाड्या आकाराला येऊ लागल्यावर ‘थांबा’ म्हटलं आणि वड्या शेजारच्या रांगेत द्यायला लावल्या. आता दुसऱ्याच्या अर्धवटातून तुमचं काढा.

हलकल्लोळ. एक मुलगी रडकुंडीला आली, तिचा ससा गेला होता. तिच्याकडे आलेल्या वडीचा एक कोपरा तुटका होता. तिने दहा मिनिटं वडी नुसती फिरवून पाहिली, मग तो तुटका कोपरा झोपलेल्या मांजराच्या पाठीचा बाक करून टाकला. गणपतीच्या कारखान्याचा मुलगा म्हणाला, आमच्यात बिघडलं तर माती लावता येते, यात लावता येत नाही. मायकेलअँजेलोच्या लेखी खरं शिल्प ते, जे काढून टाकत टाकत होतं. ते वाक्य फळ्यावर लिहायला मी खडू उचललाच होता, मग ठेवला.

चुरा गोळा करून मावशींना दिला. त्यांचं फरशीचं काम आठवडाभर निघेल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दुसऱ्या खेपेची सहा कौलं. धुतलेली रेती, आवळ गिलावा, आणि ठेवायला वर्गातच खिडकीखाली उभी रांग, मध्ये बोटभर फट. चार चांगली आली. एकाला भेग. एकावर रंग उशिरा दिला गेला, बोट फिरवलं की निळा हाताला लागतो. ते कौल मुद्दाम ठेवलं आहे, शेजारी चिठ्ठी : ‘लिओनार्दोची पद्धत’. चिठ्ठी माझी नाही.

विषय मुलांनीच निवडले. मासुंदा तलावातली होडी, कॅरम खेळणारी आजी, चिंबोरी (दोन कारखान्यांनी), व्हरांडा लोपबिंदूसकट, आणि एक नुसता हात, थापी धरलेला. हा हात कुणाचा ते कुणी विचारलं नाही.

काकांना बोलवायला मामा गेले होते. त्यांचं काम आता घोडबंदरला लागलंय. निरोप ठेवला आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती, त्यानंतर सुट्टी. कौलं व्हरांड्याच्या भिंतीला टेकवून, खिळ्याच्या दोन्ही बाजूंना. खिळा काढू दिला नाही.

ड्रममध्ये अर्धा चुना उरला आहे. वर चार बोटं पाणी राहील असा झाकून ठेवला, पुढच्या वर्षीपर्यंत मुरू दे, मुरलेला चुना अधिक मऊ लागतो. मामांनी झाकणावर गेरूने लिहिलं आहे : ‘चुना. बाईंचा. ओतू नये.’